वाचकांचे प्रश्न : किल्ल्याच्या तटाला आजचे काय काम?

मागच्या अंकात या सदरात आम्ही लिहिले होते की, शहराच्या जुन्या तटबंदीला आजच्या लोकांनी काही काम दिले नाही, तर कायद्याचे संरक्षण असूनही ती हळूहळू ढासळत जाते. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या भागांतून अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली, त्यांतली काही रागाचीही आहेत. निवडक पत्रांतील प्रश्न आणि त्यांना आमची उत्तरे खाली देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, शहापूर) : बेळगावच्या किल्ल्यात आम्ही लहानपणापासून जात आलो. दारातल्या दुर्गादेवीला नमस्कार करायचा, कमल बस्ती हे जैन मंदिर पाहायचे, आश्रमात घटकाभर बसायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे, असा आमचा रिवाज. लोकांचा वापर तर तिथे आजही चालूच आहे. मग आणखी कोणते काम तुम्हांला अपेक्षित आहे?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातच आमचे निम्मे उत्तर आले आहे. तुम्ही देवी, बस्ती आणि आश्रम या तिन्हींचा उल्लेख केलात, पण तटाचा केला नाहीत. यात तुमचा दोष नाही. बेळगावकर किल्ल्यात जातो तो किल्ल्याच्या आत जातो, किल्ल्यावर जात नाही.

हा किल्ला आजपर्यंत टिकला, कारण तो कधी रिकामा पडला नाही. रट्ट घराण्यातील राजांनी आपली राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामास, म्हणजे आजच्या बेळगावास आणली त्या काळातले हे ठाणे आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज याने १२०४ मध्ये येथे जिनालय उभारले आणि किल्ल्याच्या उभारणीचे श्रेयही परंपरेने त्यालाच दिले जाते. पुढे पंधराव्या शतकात, १४७२-७३ च्या सुमारास, बहमनी वजीर महमूद गावान याने वेढा घालून किल्ला घेतला. दख्खनच्या इतिहासात या वेढ्याची आठवण सुरुंगाच्या दारूसाठी ठेवली जाते, कारण तटाखाली दारू भरून तो उडवण्याचा प्रकार या भागात तोपर्यंत फारसा कोणाला माहीत नव्हता. त्यानंतर आदिलशाही आली. सरदार असदखान याच्या काळात सफा मशीद उभी राहिली. १८१८ मध्ये थॉमस मन्रो याच्या फौजेने एकवीस दिवस वेढा देऊन पेशव्यांच्या शिबंदीकडून किल्ला घेतला. त्यानंतर शेजारी छावणी वसली आणि किल्ला लष्कराच्या हद्दीत गेला.

एवढ्या उलथापालथीत आतली वस्ती बदलत राहिली, पण संपली नाही. आज त्याच आवारात जैन बस्ती आहे, मशीद आहे आणि दाराशी देवी आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावास आले असताना वन खात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या ज्या घरी राहिले, ते घरही किल्ल्यातच असून रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून जपले आहे. बस्तीच्या छताला लोंबणारे दगडी कमळ पाहताना मान दुखते, तरी बहात्तर पाकळ्या मोजल्यावाचून कोणी बाहेर पडत नाही. (भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर, असा तो बहात्तरचा हिशेब आहे.)

मात्र हा सगळा वापर तटाने वेढलेल्या जमिनीचा आहे. तटाकडे आज फक्त कंपाउंडच्या भिंतीचे काम राहिले आहे आणि कंपाउंडच्या भिंतीची डागडुजी कोणी मनापासून करत नाही. ती पडली की बांधतात, तोवर तिच्याकडे पाहत नाहीत. खंदकाचीही तीच गत आहे. मऊ तांबड्या जांभ्यात खोदलेला हा खंदक म्हणजे या किल्ल्याचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत हुशारीचा भाग. वेढ्याच्या काळात शत्रूची पहिली गाठ तटाशी पडत नसे, खंदकाशी पडत असे. आजच्या माणसाला मात्र तो रस्त्यावरून जाताना दिसलेला, झुडपांनी भरलेला चर वाटतो.

तेव्हा आमची अपेक्षा लहान आहे. तटाच्या माथ्यावर पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी जी वाट असते, तिला आपल्याकडे फांजी म्हणतात. लष्कराच्या परवानगीने आणि त्यांना सोयीच्या वेळी त्या फांजीचा एखादा तुकडा, समजा दोनशे पावलांचा, सकाळी फिरणाऱ्यांसाठी खुला झाला, तर लोक तट पाहू लागतील. जो रोज तटावरून चालतो, त्याला चिरा कुठे हलला आणि पिंपळ कुठे उगवला हे कोणी सांगावे लागत नाही.

प्रश्न (वास्तुरचनेची विद्यार्थिनी, टिळकवाडी) : आम्हांला वर्गात व्हिएन्नाने तट पाडून रस्ता केला याचे कौतुक शिकवतात आणि इटलीतल्या ल्युकाने तट राखला याचेही कौतुक शिकवतात. मुंबईने तर तट पाडून फक्त ‘फोर्ट’ हे नाव राखले. मग शहराने नेमके काय करायला हवे होते?

उत्तर : दोन्हींचे कौतुक एकाच वेळी करता येते, फक्त त्या त्या शहराने तो निर्णय कशासाठी घेतला ते आधी पाहायला हवे.

व्हिएन्नाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने डिसेंबर १८५७ मध्ये तट पाडण्याचा हुकूम काढला आणि १८६५ मध्ये तेथल्या वर्तुळाकार रस्त्याचे उद्घाटन झाले. तटासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली पट्टी फार रुंद होती, म्हणून तिच्यावर नाट्यगृह, विद्यापीठ आणि संसद मावली. पाडण्याने त्यांना जमीन मिळाली, आणि जमीन हवी होती म्हणूनच त्यांनी पाडले. मुंबईचीही गोष्ट तशीच, फक्त घाई जास्त. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहर तटाबाहेर सांडत होते आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या काळात, १८६० च्या दशकात, तट उतरवला गेला. चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता, त्याच्या आसपास आज फ्लोरा फाउंटन उभे आहे. चर्चगेटला उतरणाऱ्या लाखो माणसांना ते गेट कधी कुठे दिसलेले नाही, आणि त्यांचे काही अडलेलेही नाही, हे मान्य करायला हवे. तट पाडणे प्रत्येक वेळी पापच असते, असे आम्ही म्हणणार नाही.

पण तुमच्या अभ्यासाला अधिक उपयोगी पडतील ती शहरे म्हणजे ज्यांनी पाडता पाडता हात आवरला ती. पोलंडमधल्या क्राकोवमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तट पाडणे सुरू झाले होते. तेथील एक प्राध्यापक आणि नगराचे सिनेटर फेलिक्स राद्वान्स्की यांनी उत्तरेकडचा दरवाजा आणि त्याच्यापुढचा गोल बुरूज वाचवला. तो वाचवताना त्यांनी लोकांना इतिहास सांगत बसण्याऐवजी सांगितले की, हे पाडले तर उत्तरेचा गार वारा थेट चौकात शिरेल आणि बायकामुलांना सर्दी होईल. खरेखोटे वाऱ्यालाच माहीत, पण बुरूज आज उभा आहे. बाकीचा तट गेला त्या जागी झाडी लावून शहराभोवती सुमारे चार किलोमीटरची बाग केली, आणि लोक तिच्यातून चालतात तेव्हा नकळत जुन्या तटाची रेषाच चालून येतात.

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या नगरपालिकेने तर १८०० मध्ये तट पाडण्यासाठी संसदेकडे कायदाच मागितला होता. लोकांनी विरोध केला, काही भाग गेला, पण बहुतेक तट राहिला. आज त्या तटावरून सुमारे साडेतीन किलोमीटर चालता येते आणि तेथल्या माणसाला घरून बाजारात जायला तोच जवळचा रस्ता वाटतो.

ल्युकाचे उदाहरण आम्हांला सर्वांत आवडते. तिथला सुमारे सव्वाचार किलोमीटरचा रुंद तट सोळाव्या-सतराव्या शतकांत शत्रूसाठी बांधला, पण त्या तटाला वेढा घालायला शत्रू कधी आला नाही. आला तो पूर. १८१२ मध्ये सेर्कियो नदी चढली, वेशीचे दरवाजे बंद केले गेले आणि तटाने पाणी बाहेर थोपवले. पुढे त्याच शतकात तटाच्या माथ्यावर झाडांच्या रांगा लावून सार्वजनिक फिरण्याची वाट केली गेली. शहराच्या कामी तट आला, आणि ते काम त्याच्या रुंदीमुळे, उंचीमुळे, सलगतेमुळेच शक्य झाले. दुसऱ्या कोणत्याही बांधकामाने ते झाले नसते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही या कसोटीवर देऊ. नवा वापर असा असावा की, तट काढून घेतला तर तो वापरही संपावा. तटावरची फिरण्याची वाट तटाशिवाय होत नाही. तटाला टेकवून बांधलेले व्यापारी संकुल मात्र तट नसतानाही तितकेच चालते, किंबहुना मागची खोली थोडी मोठी झाली म्हणून अधिकच चालते. म्हणूनच तिथला तट आज ना उद्या जातो.

प्रश्न (एक वाचक, कॅम्प, बेळगाव) : किल्ल्यासमोरच्या तलावात नौकाविहार आला, २०१८ मध्ये तिथे ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला. हे जतन म्हणायचे की देखावा?

उत्तर : दोन्ही. तलावात पाणी ठेवणे हे जतनच आहे, मग निमित्त बोटींचे का असेना. ज्या पाण्यावर कोणाचा तरी धंदा चालतो, ते पाणी बुजवून तिथे प्लॉट पाडणे अवघड जाते. ध्वजस्तंभाविषयी एवढेच म्हणू की, तो दूरवरून दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी आलेला माणूस वर पाहतो. त्याची नजर खाली आणून समोरच्या तटाकडे वळवायला एक साधा दगडी फलक पुरेल. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तो असावा, हे आपल्या गावात वेगळे सांगायला नको, पण सांगून ठेवलेले बरे.

प्रश्न (एक शिक्षिका, चिकोडी) : मी शाळेच्या मुलींना घेऊन कित्तूरला गेले होते. संग्रहालयात मुली दहा मिनिटांत कंटाळल्या. पण बाहेर वाड्याच्या पडक्या भिंतींत न्हाणीघरातली कुंडे आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी भिंतीत ठेवलेले छिद्र दिसले, तेव्हा त्या तिथून हलेनात. किल्ल्यात संग्रहालय करणे हा वापर योग्य की अयोग्य?

उत्तर : बाई, तुमच्या मुलींनी जे केले, ते आम्हीही त्या वयात केले असते. कित्तूरचे महत्त्व त्यांना पाठ असणार. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या फौजेने कंपनीचा कलेक्टर थॅकरे याला याच किल्ल्याच्या दाराशी मारले, हे आपल्या जिल्ह्यातले पोरही सांगते. पण काचेच्या कपाटातली तलवार कोणत्याही गावात ठेवता येते, आणि भिंतीतले ते छिद्र मात्र तिथेच पाहावे लागते.

संग्रहालय अयोग्य नाही. विजापूरला गोलघुमटाच्या नगारखान्यात १८९२ पासून संग्रहालय आहे आणि त्यामुळे ती इमारत नीट राहिली. मात्र पडक्या तटबंदीत संग्रहालय करताना पहिली वस्तू म्हणून भिंतच दाखवायला हवी. चुन्याचा थर कसा असतो, जंग्यांची, म्हणजे बंदुकीचा मारा करण्यासाठी तटात ठेवलेल्या छिद्रांची, तोंडे आतून रुंद आणि बाहेरून अरुंद का असतात, देवडीत पहारेकरी कुठे बसत, पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाई, हे मुलींना हाताने दाखवता येते. तुम्ही पुढच्या वर्षी सहल काढाल, तर चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या रेइश मागुश किल्ल्यावर न्या. हा १९९३ पर्यंत तुरुंग होता. पुढे हेलन हॅम्लिन ट्रस्टच्या साहाय्याने त्याची दुरुस्ती झाली आणि २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांना खुला झाला. मारिओ मिरांडा यांची चित्रे तिथे लावलेली आहेत. चित्रे पाहायला गेलेला माणूस आपोआप तटावर जाऊन मांडवीचे मुख पाहतो. तोही किल्ला आपल्यासारखाच जांभ्याचा आहे, हे खानापूरच्या पुढच्या पत्रासाठी ध्यानात ठेवा.

प्रश्न (एक दुकानदार, बेळगाव) : जुन्या वास्तूजवळ घर असले की माळा चढवता येत नाही, साधी दुरुस्तीही करू देत नाहीत. तुमचा वारसा आणि आमचा भुर्दंड, असा हा प्रकार आहे. हा नियम नेमका आहे तरी काय?

उत्तर : राग समजण्यासारखा आहे, पण नियम तुम्हांला कोणीतरी अर्धाच सांगितलेला दिसतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र नियंत्रित असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. मात्र तुमची इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करून दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते. दुरुस्ती म्हणजे कौले बदलणे, गिलावा करणे, खचलेली भिंत सावरणे. मजला चढवणे ही दुरुस्ती नव्हे, मग शेजाऱ्याने तो कसाही चढवलेला असो. राज्य संरक्षित वास्तूंना मात्र १९६१ चा कर्नाटकाचा वेगळा कायदा लागतो. म्हणून आधी आपल्या घराजवळची वास्तू केंद्राच्या यादीत आहे की राज्याच्या, हे लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विटा मागवू नका.

प्रश्न (एक ग्रामपंचायत सदस्य, खानापूर तालुका) : आमच्या गावात जांभ्याची जुनी गढी आहे. दोन बुरूज शाबूत आहेत, एका बाजूची भिंत पोट काढून उभी आहे. मालक पुण्याला असतात आणि गावाला द्यायला तयार आहेत. तरुण मंडळींना तिथे वाचनालय आणि अभ्यासिका करायची आहे. एका कंत्राटदाराने सगळ्या सांधी सिमेंटने भरून वर रंग देण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. चालेल का?

उत्तर : वाचनालयाची कल्पना चालेल, किंबहुना फार चांगली आहे. सिमेंटचे अंदाजपत्रक मात्र चालणार नाही, आणि आज तुम्ही एवढी एकच गोष्ट थांबवलीत तरी गढीचे निम्मे काम झाले असे समजा.

जांभ्याचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. जमिनीखाली असताना तो मऊ असतो, म्हणून आपल्याकडे तो पहारीने आणि कुऱ्हाडीने चिरे पाडून काढता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. पण घट्ट झाला तरी तो आतून भोकाभोकांचाच राहतो. पावसात तो पाणी पितो आणि उघडीप पडली की सोडतो. जुन्या गवंड्यांनी त्याच्या जोडीला चुना वापरला, कारण चुनाही पाणी येऊ-जाऊ देतो आणि भिंत थोडी हलली तर तिच्याबरोबर थोडा हलतो. सिमेंट तसे करत नाही. ते दगडाहून कडक आणि घट्ट असते. सांध सिमेंटने बंद झाली की भिंतीतले पाणी बाहेर पडायला दगडाचाच रस्ता धरते. पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागावर सुकतात, आणि चार-पाच पावसाळ्यांत चिऱ्याची पापुद्री निघू लागते. शेवटी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे राहतात आणि मधला दगड खोल जातो.

आम्ही हे एका गावच्या वेशीवर स्वतः पाहिले आहे. गावाचे नाव घेत नाही, कारण काम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. दर्शनी बाजूला सुबक सिमेंटची सांधणी होती, वर तारीख कोरली होती. चिऱ्यावर बोट फिरवले, तर बोटाला कुंकवासारखी तांबडी पूड आली. नख लावले, तर नख आत गेले. आणि त्याच वेशीच्या मागच्या बाजूला, जिथे निधी पोहोचला नव्हता, तिथला चिरा शेकडो वर्षांनंतरही किल्लीने खरवडला तरी दाद देत नव्हता.

पोट काढलेल्या भिंतीविषयी आता सांगतो. गढीची भिंत सहसा दोन बाजूंना चिरे आणि मध्ये माती-दगडांची भर अशी असते. माथ्यावर पूर्वी चुन्याचा कोबा असतो, त्याला बाहेर उतार असतो. कोबा फुटला, त्यावर गवत आले, की पाणी भरावात उतरते. भिजलेली माती फुगते आणि बाहेरच्या चिऱ्यांना ढकलते, म्हणजेच भिंत पोट काढते. म्हणून दुरुस्ती पोटापासून सुरू करू नका, माथ्यापासून करा. माथ्यावर चुन्याचा नवा कोबा, बाहेर उतार, आणि भिंतीच्या तळाशी पाणी निघण्यासाठी जुनी भोके बुजली असतील तर ती मोकळी करणे, हे पहिले काम. त्यानंतर फुगलेला तुकडा तेवढाच चिऱ्यांना नंबर घालून उतरवावा आणि तेच चिरे त्याच जागी चुन्यात पुन्हा लावावेत. उतरवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन ठेवा, नाहीतर रचताना प्रत्येकाला आपलीच आठवण बरोबर वाटते.

पिंपळ आणि वड यांविषयी तुमच्या पत्रात काही नाही, पण गढी म्हटल्यावर ते असणारच. त्यांची मुळे ओढून काढू नका. मुळाबरोबर चार चिरे येतात. खोड कापून जिवंत मूळ जागच्या जागी मारायला जाणकार माणूस बोलवा, आणि मेलेल्या मुळाची पोकळी चुन्याने भरा. नुसते वरून छाटले, तर पुढच्या श्रावणात दुप्पट फांद्या घेऊन तो हजर होतो.

अभ्यासिकेसाठी कोणती जागा घ्यायची, हे तुमच्या मंडळींना ठरवू द्या, पण आमची सूचना अशी की पुस्तके बुरुजात ठेवू नका. जांभ्याच्या बुरुजात पावसाळ्याचे चार महिने ओल असते आणि पुस्तकांना बुरशी लागते. बुरुजावर संध्याकाळी बसायला पायऱ्या आणि कठडा करा, आणि पुस्तकांसाठी आतल्या मोकळ्या चौकात कौलारू पडवी बांधा. खानापूरकरांना कौलांविषयी आम्ही काय सांगणार? ही पडवी भिंतीला चिकटवू नका, हातभर अंतर ठेवा, म्हणजे भिंतीला वारा लागेल आणि उद्या पडवी काढायची वेळ आली तर भिंतीला भोक पडणार नाही. विजेच्या नळ्या चिऱ्यात खाचा पाडून बसवू नका. सांधीत खुंटी ठोकून त्यावरून न्या. आणि दिव्यांचा प्रकाश मुलांच्या पुस्तकावर पडू द्या, बुरुजावर रंगीबेरंगी झोत सोडण्याचा मोह टाळा.

कागदपत्रांचे तेवढे सांभाळा. मालक द्यायला तयार आहेत, हे तोंडी समाधान पुरेसे नाही. पुढच्या पिढीचा वारस पुण्याहून येईल आणि कुलूप लावेल. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करून घ्या. त्यात गढीची देखभाल कोणी करायची, हे नाव घालून लिहा. सगळ्यांनी मिळून करायची, असे लिहिले की ती कोणीच करत नाही, हा आपल्या सार्वजनिक संडासांचा आणि समाजमंदिरांचा अनुभव आहे.

तुमच्या पत्रात काम दिवाळीनंतर सुरू करण्याचा विचार दिसतो. तो योग्य आहे, कारण चुन्याला सावकाश सुकायला वेळ लागतो आणि पावसात तो धुऊन जातो. पण त्याआधी, याच पावसाळ्यात, एखादा चांगला झोडपणारा पाऊस पडत असताना छत्री घेऊन गढीवर जा. पाणी माथ्यावर कुठे साचते, कोणत्या फटीतून आत जाते आणि खाली कोणत्या चिऱ्यातून तांबडे होऊन बाहेर येते, ते बघा आणि पाऊस थांबल्यावर त्या प्रत्येक ठिकाणी गेरूने खूण करून ठेवा. कंत्राटदाराला दुसरे अंदाजपत्रक मागाल, तेव्हा त्या खुणा दाखवून मागा.